पंख्यापुढची लाल झेंडी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्या घरात हे घडलं तो माणूस भिलाईच्या वैशाली नगरात राहतो, आणि ती पेटी अजून त्याच्या मागच्या खोलीत आहे.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. बाहेर लू वाहत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आनंद गजभिये मागच्या खोलीत काम करत बसला होता.

आनंद कारखान्यात लाकडी साचे बनवतो. घरी फावल्या वेळात छोटी विमानं. हाताला अशी सफाई की खिळ्याचं डोकंसुद्धा मापात. या वेळचं काम मात्र वेगळं होतं. अहिवाऱ्याकडे पूर्वी एक फ्लाइंग क्लब होता. नाव मुद्दाम देत नाही. क्लबच्या जुन्या मंडळींना एका कार्यक्रमात मांडायला त्यांच्या पहिल्या विमानाची प्रतिकृती हवी होती, संग्रहालयात ठेवतात तशी. खाली धावपट्टीचा तुकडा, मागे हँगर, वर पारदर्शक पेटी, समोर पितळी पाटी.

आनंदने काम घेतलं ते रागाने.

त्याच विमानाच्या पंख्याने त्याचे वडील गेले होते.

पुंडलिक गजभिये. आधी रेल्वेच्या यार्डात रोजंदारीवर खलाशी, म्हणजे डबे-चाकं पाहणारा गडी, मग त्या क्लबात मदतनीस. एके दिवशी ते विमानाच्या नाकाशी वाकून इंजिन पुसत होते आणि कुणीतरी इंजिन चालू केलं.

चौकशीत ठरलं, की इथे माणूस काम करतोय, इंजिन चालू करू नका, हे सांगणारी लाल झेंडी पुंडलिकने पंख्यापुढे लावलीच नव्हती. चूक त्याचीच.

आनंद तेव्हा शाळेत होता. पोरं चिडवायची, "याच्या बापाले झेंडी लावता नाही आली!" तो मारामाऱ्या करून घरी यायचा. पण खरं सांगायचं तर त्याचा सगळ्यात जास्त राग बापावरच होता. एक झेंडी. एवढंसं काम. तेही का केलं नाही?

तरीही त्या पेटीत बाप असला पाहिजे, हे त्याने ठरवलं होतं. विमान त्यांचं असेल. मेला तो आपला होता.

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीकडची पांढरी भुकटी चाळून त्याने धावपट्टीच्या कडा केल्या. तेलाचा डाग पाडला. पंखा पक्का चिकटवला. आणि पंख्याशी बोटाच्या पेराएवढा माणूस उभा केला. अंगात खाकी, हातात फडकं.

फोटो पाठवला तसा विजयकुमार साहेबांचा फोन आला. क्लबचे जुने वैमानिक, कार्यक्रमाचे सर्वेसर्वा. आनंद कुणाचा मुलगा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बहुत बढ़िया बनाया भाई। बस वो आदमी हटा दो।"

"कावून... मतलब, क्यों साहब?"

"अरे, म्यूज़ियम पीस है। जहाज़ दिखना चाहिए, नौकर-चाकर नहीं।"

आनंदने फोन आपटला. पेटीचं झाकण बसवून तो पाणी प्यायला उठला.

आणि मागून आवाज आला...

टण्.

थोडं थांबून पुन्हा... टण्.

रेल्वेच्या यार्डात चाकं तपासणारा माणूस उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत पुढे पुढे जातो, तसा. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर.

तो वळला. आवाज थांबला.

झाकण बंद होतं. पण पंख्यापुढे काहीतरी लाल होतं.

एक झेंडी. आगकाडीहून बारीक काडी, तिला लाल कापडाची चिंधी.

आनंदने ती लावली नव्हती.

पुढच्या खोलीत झोपलेल्या मायचंच काम, असं त्याला वाटलं. त्याने झाकण काढलं, झेंडी उपटली, खिडकीबाहेर फेकली. डोकं आधीच फिरलेलं.

तोंड धुऊन परत आला...

झेंडी पंख्यापुढे होती.

झाकण बंद.

"माय!" तो ओरडला.

भागीरथाबाई डोळे चोळत आल्या. "काय झालं बे, आग लागली का?"

"हे काय लावून राहिली तू? बुढापा आला, खेळ सुचून राहिला तुले!"

"मी काहाले लावू? मले सुईत धागा नाही दिसत, हे दिसन?" असं म्हणत त्या वाकल्या. नाक पेटीला टेकलं.

आणि त्यांचा आवाज बदलला.

"आनंदा... गाठ पाह्य."

चिंधीला दोन वेढे होते. गाठ आतल्या बाजूने.

"तुहा बाप अशीच बांधे. रेल्वेची आदत. म्हणे, बाहेरून गाठ मारली का हवेनं सुटते. आन् एक म्हणे, गाडीखाली माणूस असला का झेंडी, आन् ज्यानं लावली त्यानंच काढाची. रेल्वेचा मोठा साहेब, डीआरएम आला तरी दुसऱ्यानं हात नाही लावाचा. तू काढली का?"

आनंदने खिडकीकडे पाहिलं.

"झेंडीबिगर तो माणूस पंख्यापाशी गेलाच नसता. किती वर्सं सांगून राहिली मी. आयकलं कोणं? तूही नाही आयकलं!"

खोलीत पेट्रोलचा जळका वास पसरला होता. घरात पेट्रोलचा थेंब नव्हता.

त्या रविवारी दुपारी विजयकुमार साहेब पेटी न्यायला आले. पांढरे कपडे, सुगंधी रुमाल. वाकून पाहिलं आणि चेहरा आक्रसला.

"आदमी हटाया नहीं? और ये लाल क्या है? किसने लगाया?"

"हमने नहीं लगाया," आनंद म्हणाला. "इसलिए हम निकालेंगे भी नहीं।"

"क्या बकवास है।"

त्यांनी झाकण उचललं. दोन बोटांच्या चिमटीत झेंडी धरली. आणि वैतागून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"उस दिन भी ऐसे ही सामने टँगी थी। हटाओ तो मुसीबत, न हटाओ तो..."

ते थांबले.

दाराशी भागीरथाबाई उभ्या होत्या.

"कोन्त्या दिवशी, साहेब?" त्यांनी विचारलं. "मी पुंडलिकची बाई हाय. किस दिन टँगी थी? किसने निकाली?"

साहेबांची चिमटी तशीच राहिली. आणि...

टण्.

पक्का चिकटवलेला पंखा फिरला.

साहेब किंचाळले. बोटांतून रक्त उडालं आणि बरोबर त्या तेलाच्या डागावर पडलं. रुमाल गुंडाळत ते दाराकडे धावले. भागीरथाबाईंनी वाट सोडली नाही.

"सबके सामने बोलना पड़ेगा."

"बोलूँगा, अम्मा। कार्यक्रम में बोलूँगा। जाने दीजिए।"

ते गेले. आनंदने पंख्याला बोट लावून पाहिलं. हलेना. डिंक दगडासारखा घट्ट होता. आणि झेंडी पुन्हा जागेवर होती.

कार्यक्रम झाला. पेटीशिवायच. आनंद मागच्या रांगेत बसला होता. हाताला पट्टी बांधलेले विजयकुमार साहेब माइकवर आले. जुन्या आठवणी सांगितल्या, लोक हसले. मग म्हणाले, "एक दुखद हादसा भी हुआ था। हेल्पर की अपनी लापरवाही। झंडी तक नहीं लगाई थी बेचारे ने।"

"खोटं!" आनंद उभा राहून ओरडला. "झूठ बोल रहे हो! झंडी थी! तुमने निकाली थी!"

दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मागे टाळ्या सुरू झाल्या.

तो घरी आला तो रागातच. अख्खी पेटी फोडायची, असं ठरवून त्याने हातोडी उचलली.

झाकण बंद होतं. विमान जागेवर होतं.

पण...

झेंडी नव्हती.

आणि पंख्याशी उभा असलेला माणूसही नव्हता. पांढऱ्या भुकटीत फक्त दोन पायांच्या टाचणीएवढ्या खुणा होत्या. जिथे तो उभा होता तिथे.

त्याने टेबल हलवलं, फरशी चाचपली. काही नाही.

"माय, तू काढली?"

"मी काहाले हात लावू?" भागीरथाबाई पेटीवर वाकल्या. "त्यानंच काढली."

"म्हंजे?"

"झेंडी काढली म्हंजे खालचा माणूस निंगाला, बाबू. आता गाडी सुटते."

त्या दिवसापासून आनंदच्या घरात तो आवाज आला नाही. वासही नाही.

काही दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. विजयकुमार साहेबांच्या बायकोचा. आवाज घाबरलेला.

"भैया, आपके यहाँ जब वो जहाज़ बन रहा था... कोई आवाज़ आती थी क्या? जैसे कोई लोहे पर हथौड़ी मार रहा हो। ये सोते नहीं हैं। कहते हैं, रोज़ एक कमरा पास आती है..."

आनंदला सांगता आलं असतं. पेटी घेऊन जा म्हणता आलं असतं. साहेबांना खरं बोलायला सांगा, एवढं तरी म्हणता आलं असतं.

पण त्याला टाळ्या आठवल्या.

"नहीं," तो म्हणाला. "हमारे यहाँ कुछ नहीं आता।"

तिने फोन ठेवायच्या आत, तिच्या मागे, अगदी जवळ...

टण्.

पेटी अजून मागच्या खोलीत आहे. पंख्यापुढची जागा रिकामी आहे. आनंद दुपारी त्या खोलीत जात नाही. त्या फोनवर तो काय खोटं बोलला, ते त्याने मायला सांगितलेलं नाही. आणि फोन वाजला, की आधी भागीरथाबाईंकडे पाहतो.