विभागप्रमुखांमार्फत

मैमुनानं विद्यापीठाचा लखोटा फाडला... "अधिव्याख्यात्या मैमुना मणेर यांना संशोधनात रस नाही." या प्रतिकूल शेऱ्याखाली सही कुणाची? विभागप्रमुख, प्रपाठक गनी मणेर... तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची!

दोघं पुण्याला विद्यापीठात भूगोल शिकवत. अधिव्याख्यात्याला आठवड्याला अठरा तास. प्रबंध पुरा करून प्रपाठक झालं की बारा. गनीचा प्रबंध व्हावा म्हणून दोन वर्षं स्वतःचे अठरा नि त्याचे अठरा या माउलीनं एकटीनं ओढले होते! तेवढ्या खडूत पिरंगुटपासून पौडपर्यंतची घरं पांढरी झाली असती. खोटं वाटलं तर जाऊन घरं मोजा. तिचा स्वतःचा प्रबंध मात्र पहिल्याच प्रकरणाशी अडला... अन् आता या शेऱ्यानं अभ्यासरजाही बुडणार!

रविवारी गनी पिरंगुटला घरी आला. तिनं तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"आपा, लेखांच्या रकान्यात तुझं शून्य. मी खोटं कसं लिहू? तू वर खुलासा पाठव ना."

"पाठवते की! पण तोही विभागप्रमुखांमार्फतच जातो, गनीसाहेब!"

बांगड्या विकून दोघांना शिकवणाऱ्या अब्बा पीरमहंमदचा घास हातातच राहिला. "म्हंजी भावाची तक्रार भावाच्याच हाती द्यायची? आमच्या बाजारात बी असला उफराटा कारभार न्हाई!"

"आन् तवा तुजे तास कोन घेत व्हतं रं?" अम्मा हुसेनबी कडाडली. "तिचं शून्य तुज्यापायीच झालं न्हवं!"

मैमुनानं तिथंच लिहिलं, "दोन वर्षे मी श्री. गनी मणेर यांचेही तास घेतले, म्हणून माझे संशोधन राहिले. अभ्यासरजा मिळावी."

हे वर गेलं तर आपलीच चौकशी लागेल, हे गनीला पुरतं ठाऊक होतं. तरी त्यानं तो कागद पुढे ओढला... आणि त्याचे डोळे भरून आले! त्यानं खाली लिहिलं, "मजकूर खरा आहे. शेरा मी मागे घेतो. रजेत त्यांचे तास मी घेईन."

"माफ कर, आपा!"

आसवांनी तिला अक्षरं दिसेनात. पण बाई मास्तरीण! "किती काळ, ते लिही. मोघम उत्तराला मी गुण देत नाही."

त्यानं लिहिलं, "दोन वर्षे."

चौकशी झाली, गनीचं प्रमुखपद गेलं, पण रजा मंजूर झाली! पहिल्या सोमवारी तो तिकडे तिसऱ्या तासाला घसा खरवडत उभा असताना इकडे मैमुना कोरा कागद घेऊन बसली... आणि स्वतःसाठी लिहायची सवयच उरली नव्हती! दुपारपर्यंत एक ओळ झाली. तीही तिनं चिडून खोडली, नि पुन्हा लिहायला घेतली.