लाल पट्टीखालचं वाय-फाय

“दादा, आता तू आणखी एकदा ‘ड्रायव्हर’ म्हणालास ना, तर मी किंचाळेन!” ओवी म्हणाली.

“अगं, पण ड्रायव्हरच आहे! ट्रस्ट मी!” सलील कीबोर्ड बडवत म्हणाला.

ट्रस्ट मी म्हणे! सकाळपासून याच्यावर विश्वास ठेवून ठेवून ओवीचं डोकं उठलं होतं. पाच वाजता माहीनची ऑनलाइन बुद्धिबळाची फायनल होती. खालच्या मजल्यावरच्या माहीनकडे कॉम्प्युटर नव्हता. म्हणून तर या बहीणभावाने बाबांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला लॅपटॉप मिळवला, त्यावर लिनक्स चढवलं आणि सुट्टीभर तिचा सराव करून घेतला. काल रात्रीपर्यंत सगळं झकास! आणि आज, नेमकं आज, वाय-फाय ठप्प! पाचला माहीन हजर झाली नाही, की सरळ बाद.

“मी फोनवर खेळू का?” माहीनने हळूच विचारलं.

“नाही चालत गं! फोन बाजूला कॅमेरा म्हणून लावायचाय. खेळायचं लॅपटॉपवरच.”

सलीलला वाय-फाय चालवणारा नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा होता. पण ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा! मग फोनचं नेट वायरीने लॅपटॉपला द्यायचं ठरलं. कुवेतच्या भर दुपारच्या भट्टीत तिघं कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात गेली आणि वायर घेऊन घामाने निथळत परत आली. लावून बघतात तर काय, त्या वायरीने नुसतं चार्जिंग होत होतं!

“तरी मी म्हटलं होतं, आधी विचार म्हणून!”

“यू नेव्हर सेड!”

“म्हटलं होतं!”

“भांडू नका ना,” माहीन म्हणाली. “अब्बांना विचारू या.”

माहीनच्या अब्बांचं, अशरफ चाचांचं, राई भागात मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं; पण तिथले लॅपटॉप सगळे गिऱ्हाइकांचे. त्यांनी फोनवर पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. “काढून टाका ते लिनक्स-बिनक्स! मी येतो दुकानातून, सगळं पुसून विंडोज टाकतो. खलास!”

“विंडोज चढेपर्यंत फायनल संपेल!” सलीलचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

“सरक तू,” ओवीने स्टूल ओढलं. “काल चालत होतं, आज चालत नाही. मधे काय झालं, ते कुणी शोधायचं? लिनक्सलाच विचार ना, कोण अडवतंय ते!”

सलीलने कुरकुरत एक कमांड दिली. पडद्यावर ओळी उमटल्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : नो. हार्ड ब्लॉक्ड : येस.’

“हे तू सकाळी पाहिलंस?”

“हो, पण ते ड्रायव्हरमुळे...”

ओवी खरंच किंचाळली. “अरे शहाण्या, ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअरच ना? तिथे तर ‘नो’ लिहिलंय! अडवणारं काहीतरी हार्ड आहे. हाताला लागेल असं!”

तिघांनी लॅपटॉपच्या दोन्ही बाजू चाचपल्या. काही नाही.

“राहू दे गं,” माहीनचे डोळे भरून आले. “पुढच्या वर्षी खेळेन.”

तोंडावर पाणी मारायला ओवी न्हाणीघरात गेली. नळ सोडला आणि “आई गं!” करून हात मागे घेतला. कुवेतच्या उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळसुद्धा पोळतो! गच्चीवरची टाकीच तापलेली. म्हणूनच तर गीझर मे महिन्यापासून बंद होता आणि त्याच्या बटणावर लाल पट्टी होती. पट्टीवर बाबांचं अक्षर : ‘रविकांत. हात लावू नये.’

बाबा शुऐबा भागातल्या एका प्लांटमध्ये इंजिनिअर. तिथे यंत्र बंद केलं की त्यावर आपल्या नावाची पट्टी लावायची आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. ती सवय घरीही यायचीच! गीझरला पट्टी, इस्त्रीला पट्टी, एकदा तर मिक्सरलाही!

ओवी जागच्या जागी थबकली.

“आई! लॅपटॉप कुणी बंद केला काल?”

“बाबांनी, पहाटे शिफ्टला जाताना,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुम्ही उघडा टाकून झोपलात ना! दिसेल ते बटण बंद केलं असेल त्यांनी.”

ओवीने धावत येऊन लॅपटॉप स्टँडवरून उचलला. स्टँडच्या कडेमागे झाकलेल्या समोरच्या काठावर लाल पट्टी! आणि पट्टीखाली वाय-फायचा चिमुकला खटका!

“बाबांना फोन करून विचारू?” सलील पुटपुटला.

“त्यांचा फोन गेटवर जमा असतो! संध्याकाळशिवाय नाही मिळायचा.”

तिघांनी आईकडे पाहिलं. “आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!” आईने कपाळाला हात लावला. “सकाळपासून काय ते ड्रायव्हर ड्रायव्हर! काढ ती पट्टी. बाबांचं मी बघते.”

टर्रकन पट्टी निघाली. खटका सरकला. वाय-फाय आलं! माहीन खुर्चीत बसली आणि पाच वाजले.

खेळ ऐन रंगात असताना अशरफ चाचा पेन ड्राइव्ह नाचवत दारात आले. “चला, पुसू...”

“श्शूऽऽ!” आईसकट सगळे म्हणाले. चाचा पेन ड्राइव्ह मुठीत धरून भिंतीला चिकटून उभे राहिले, ते थेट माहीन “मात!” म्हणून ओरडेपर्यंत.

“माझी वाघीण!” चाचांनी लेकीला उचलून घेतलं. मग पेन ड्राइव्ह गुपचूप खिशात घालत म्हणाले, “लिनक्स बरं दिसतंय हां!”

संध्याकाळी बाबा आले, सोफ्यावर टेकले आणि त्यांनी टीव्हीचा रिमोट दाबला. टीव्ही ढिम्म. सेल काढल्यामुळे हलका झालेला रिमोट उलटा केला, तर सेलच्या झाकणावर लाल पट्टी : ‘ओवी. हात लावू नये.’

“हा काय प्रकार आहे?”

सगळा प्रकार ऐकून बाबांनी कान पकडले. “पट्टी लावली की ज्यांचं काम अडणार त्यांना सांगायचं, हा आमचा पहिला नियम. तोच मी विसरलो! शाबास ओवी! आमच्या प्लांटमध्येसुद्धा बिघाड इतक्या लवकर सापडत नाही.” आणि त्यांनी पट्टी काढायला बोट पुढे केलं.

“अंहं!” ओवी चप्पल घालत म्हणाली. “ज्याने लावली त्यानेच काढायची. आणि मी आत्ता माहीनकडे चाललेय. तिच्या अम्मीने फिरनी केलीय!”