बिनऔषधाची कार्नेशन्स

सुतार पहिल्यांदा दुकानात शिरला तो दार चुकून. जायचं होतं शेजारच्या रंगाच्या दुकानात. बाहीवर लाकडाचा भुसा घेऊन तो फुलांमध्ये ओशाळून उभा राहिला. "आलोच आहे तर... आत्यासाठी द्या काहीतरी. अंथरुणाला खिळलीय ती."

फुलवालीनं गुलाबी कार्नेशन्स बांधून दिली. पाचव्या दिवशी तो पुन्हा हजर.

"माना टाकल्या हो त्यांनी."

"नाजूक असतात," ती म्हणाली. तो हसला — आणि त्या हसण्यानंच घात केला.

खरं तर आलेली फुलं आधी दोन तास चांदीचा क्षार घातलेल्या औषधाच्या पाण्यात ठेवायची, म्हणजे पंधरा दिवस टिकतात. ते तिचंच काम. पहिला गुच्छ घाईत तसाच राहिला होता. पुढचे मात्र तिनं त्याच्यासाठी मुद्दाम बिनऔषधाचे बाजूला काढले. दर पाच दिवसांनी तो यायचा, काउंटरला टेकायचा, त्याचा पाय निघत नसे.

"इथं आलं की बरं वाटतं."

"फुलांमुळे?"

"फुलं कुठं बोलतात..."

महिन्याभरानं तो आला, पण काउंटरला टेकला नाही. "आज नकोत. आत्या म्हणते, माझ्या खोलीत काही जगत नाही. उगाच आणू नकोस."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली कात्री खाली ठेवून ती म्हणाली, "दोष आत्यांचा नाही. मी... औषधाच्या पाण्यात ठेवतच नव्हते तुमची फुलं."

"का?"

"तुम्ही लवकर यावं म्हणून."

तो म्हणाला, "हे तिला तुम्ही सांगा."

संध्याकाळी औषध दिलेला गुच्छ घेऊन ती आत्याच्या खाटेशी गेली. खाली मान घालून सगळं सांगितलं.

"महिनाभर मी स्वतःलाच अपशकुनी समजत होते, पोरी," आत्या म्हणाली.

ते जिव्हारी लागलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"ही किती टिकतील?"

"पंधरा दिवस."

"बघू."

पंधरा दिवस तो येणार नाही. कदाचित कधीच नाही. हेच आपल्या लायकीचं, असं ती मनाशी म्हणत राहिली.

सहाव्या दिवशी दार उघडलं. सुतारच होता.

"वाळली?" तिनं घाबरून विचारलं.

"छे. टवटवीत आहेत."

"मग?"

तो बाहीवरचा भुसा उगाचच झटकत राहिला. "आत्या म्हणाली, आता फुलांचं निमित्त नाही, तर... बिननिमित्ताचा जा."

लाजेनं तिचा चेहरा अजून जळत होता. तरी तिनं मान वर केली.