झोपलेलं विमान

सिंगापूरहून आलेल्या विमानातले प्रवासी काचेपलीकडच्या बोळातून बाहेर पडत होते. कुणाचे डोळे तांबारलेले नव्हते, कुणी मान चोळत नव्हतं, एकही मूल किरकिरत नव्हतं. दर्शन घेऊन देवळाबाहेर पडावं तशी माणसं संथपणे सामानाच्या पट्ट्याकडे चालली होती.

“बघा कसे ताजेतवाने आहेत,” नीलिमा खैरनार नवऱ्याला म्हणाली. “आणि आपण परवापासून इथे फरशीवर.”

राजेंद्रनं पिशवीवर टेकवलेली मान उचलून पाहिलं. पिंपळगावच्या द्राक्षांच्या शीतगृहात तो सारी उमर पाळीचा प्रमुख होता. वाट पाहणं त्याला नवं नव्हतं. “झोपून आलेत ते,” तो म्हणाला. “प्रवास केलाच कुठे त्यांनी?”

विमानांत शमनासनं येऊन आता चार वर्षं झाली होती. आसनाच्या उशीत तारांची बारीक वेटोळी बसवलेली असत. त्यांतून निघणारे मंद चुंबकीय स्पंद मेंदूच्या लहरींना हळूहळू आपल्या लयीत ओढत आणि माणूस अर्धनिद्रेत जाई. आसन त्याची नाडी, श्वास आणि घाम सतत मोजत असे. चुळबूळ वाढली, नाडी वेगानं चालू लागली, की स्पंद थोडे जोरकस होत आणि माणूस पुन्हा निवांत होई. उलट नाडी कितीही मंदावली, तरी आसन त्याला शांतताच समजे. उंचीची भीती, कंटाळा, शेजाऱ्याशी भांडण, सगळं मिटलं. लोक खूश होते. झोपलेल्या माणसांना चहापाणी लागत नाही, हे विमान कंपन्यांच्याही लवकरच लक्षात आलं. एका विमानात बारा सेवक असत, तिथे आता चौघं उरले होते. मेघवाहिनी कंपनीनं ते दोनवर आणायचं ठरवलं, तेव्हा तिचे सगळे विमानसेवक संपावर गेले.

प्रस्थान कक्षाच्या दाराशी ते गणवेशातच बसले होते. त्यांच्या पुढारी रेश्मा तांबोळी मूळच्या मिरजेच्या, चाळिशीच्या. प्रवाशांच्या शिव्या खाऊन त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

नीलिमा तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “माझी लेक मेलबर्नला आहे. तिचे दिवस भरलेत. जावई जहाजावर. तिच्या उशाशी कोण बसणार, तुमचा संप?”

“काकू, तुमची अडचण मला कळते.”

“कळते तर उठा ना!”

“उठू. आसन चालू-बंद करायची कळ आमच्या हातात द्या, एवढंच मागतोय. आज ती यंत्राच्या ताब्यात आहे. कुणाला काय झालं तर आम्हाला दिसतं, पण उठवता येत नाही.”

“मग आजवर काय झालंय कुणाला?”

खरं तर काहीच झालं नव्हतं. निदान कुणाला माहीत असलेलं काहीच नव्हतं.

“त्यांचंही चुकत नाही, नीलू,” परतल्यावर राजेंद्र म्हणाला. “नुसत्या मापकांवर शीतगृह चालत नाही. दार उघडून आत नाक घालावंच लागतं.”

“तुम्ही त्यांची बाजू घेत बसा.”

दुपारी कंपनीनं जाहीर केलं, की मेलबर्नचं विमान सुटेल. नेहमीच्या सेवकांशिवाय उडायला ज्यांची संमती असेल त्यांनी यावं. कक्षात टाळ्या पडल्या. राजेंद्र म्हणत होता, उद्यापर्यंत थांबू, तडजोड होईल असं दिसतंय. पण तेवढ्यात सायलीचा फोन आला. ती नुसती “आई” म्हणाली आणि रडायला लागली. नीलिमानं दोघांच्याही वतीनं संमतीचा अंगठा पडद्यावर टेकवला.

दाराशी बसलेल्यांना ओलांडून जाताना तिनं मान वळवली नाही. राजेंद्रनं मात्र रेश्माकडे पाहून हात जोडले.

विमानात दारापाशी एक भांबावलेला तरुण उभा होता. अंगातला कोट त्याला सैल होत होता. छातीवर नाव होतं, कौस्तुभ. मूळचा तो कंपनीच्या सामान विभागातला. संपामुळे त्याला वर चढवलं होतं.

राजेंद्रला मधुमेह होता. दंडावर चिकटवलेला साखरमापक त्यानं चढतानाच काढून ठेवला. आसनातल्या स्पंदांमुळे तो खोटे आकडे दाखवी, म्हणून तसा नियमच होता. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायची त्याची वेळ झाली होती.

“बाळा, जेवण कधी मिळेल?” त्यानं कौस्तुभला विचारलं.

“वर गेलं की लगेच, काका.”

“नक्की ना? मग मी सुई घेऊन टाकतो.”

“हो हो, लगेच.”

राजेंद्रनं पोटावर सुई टोचून घेतली. विमान धावू लागलं. नीलिमाला आठवतं ते एवढंच: त्यानं तिच्या हातावर हात ठेवला होता आणि विचारत होता, नातवाचं नाव काय ठेवायचं. ती काहीतरी उत्तर देणार होती.

संपाच्या काळात माणसं कमी, म्हणून एरवी वर गेल्यावर सुरू होणारं शमन चाकं जमीन सोडण्याआधीच सुरू करायचं, असा नवा हुकूम होता. कौस्तुभला तो वर गेल्यावर कळला. तोवर सगळं विमान झोपलं होतं, आणि जेवणाची पाकिटं कपाटात तशीच होती.

विमान टेकलं तेव्हा मेलबर्नला लख्ख सकाळ होती. दिवे उजळले, माणसं हातपाय ताणू लागली. नीलिमालाही बऱ्याच दिवसांनी गाढ झोप झाल्यासारखं वाटलं. “अहो, आलं,” ती म्हणाली. राजेंद्रचं डोकं उशीवर कललेलं होतं, चेहऱ्यावर आठीसुद्धा नव्हती. तिनं त्याच्या गालाला हात लावला.

गाल गार होता.

तिचं ओरडणं ऐकून पुढच्या रांगेतले लोक दचकून वळले. नुकत्याच जाग्या झालेल्या त्यांच्या चेहऱ्यांवर अजून तीच शांतता होती.

विमानतळाच्या वैद्यकीय खोलीत डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर फार खाली गेली. जीव जाऊन बरेच तास झाले होते. नीलिमा बाकावर बसून राहिली. कौस्तुभ आला आणि तिच्या पायांपाशी जमिनीवरच बसला.

“काकू, मी जेवण देणार होतो. सगळे झोपले होते. उठवायची कळ माझ्याकडे नव्हती.”

तिनं राजेंद्रची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“काकांच्या आसनाचा दिवा मध्येच पिवळा झाला होता. मी पट्टा सोडून उठलो. पण त्यांच्यापाशी पोचायच्या आत तो पुन्हा हिरवा झाला. मला शिकवलं होतं, की हिरवा असेल तर काळजी नाही. काका एकदम शांत दिसत होते. मी परत जाऊन बसलो.”

“पिवळा म्हणजे काय?” नीलिमानं विचारलं.

“प्रवासी अस्वस्थ आहे.”

एवढ्या वर्षांच्या संसारात राजेंद्रची साखर कितीदा तरी उतरली होती. आधी त्याला दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची. झोपेत असला तर तो तळमळून जागा व्हायचा आणि तिला हलवायचा. ती उठून साखरपाणी द्यायची. मग दोघं थोडा वेळ हसत बसायची. विमानातही त्याचं शरीर तसंच धडपडलं असणार. हाक मारली असणार. आसनानं ती हाक नीट मोजली, तिला चुळबूळ समजलं, आणि स्पंद वाढवून तिला गप्प केलं. नीलिमा स्वतः हातभर अंतरावर होती. तिलाही तसंच गप्प केलेलं होतं.

“त्यांनी मला हलवलं असेल का रे?” तिनं विचारलं.

कौस्तुभनं तोंड ओंजळीत लपवलं.

राजेंद्रचे अंत्यसंस्कार मेलबर्नलाच झाले आणि दुसऱ्या दिवशी सायलीला मुलगी झाली. नीलिमा लेकीच्या उशाशी होती. बाळंतिणीला रडू देऊ नये म्हणतात, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

तिकडे संप आठवडाभरात मोडला. राजेंद्रच्या बातमीनं दोन दिवस खळबळ उडाली. लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि हळहळतच तिकिटं काढली. संपकाळात उडालेल्या विमानांतले प्रवासी ठणकावून सांगत होते, की इतका सुखाचा प्रवास आम्ही कधी केला नव्हता. मेलबर्नच्या त्या विमानातल्या लोकांचंही तेच म्हणणं होतं. ते खोटं बोलत नव्हते.

चौकशी समितीपुढे नीलिमानं पडद्यावरून साक्ष दिली. कंपनीचे वकील मवाळ बोलणारे होते. “बाई, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण एक गोष्ट आपल्याला दिलासा देईल. खैरनार साहेबांना शेवटपर्यंत कसलाही त्रास झाला नाही. आसनानं तशी नोंद केली आहे.”

“त्रास झाला होता,” नीलिमा म्हणाली. “तुम्ही त्यांना तो सांगू दिला नाहीत.”

समितीतलं कुणीतरी खाकरलं. पुढे नियम झाला, की इन्सुलिन घेणाऱ्यांना शमन द्यायचं नाही. इतरांबद्दल काहीच ठरलं नाही. दोन सेवकांचा आकडा कायम झाला आणि कळ यंत्राकडेच राहिली. फक्त निकडीच्या वेळी, कंपनीच्या नियंत्रण केंद्राची परवानगी घेऊन, आसनाखालची कळ ओढून एखादं आसन हातानं बंद करायची सोय मिळाली.

नात बसायला लागली तेव्हा नीलिमा परत निघाली. तिनं जागं राहण्याची लेखी इच्छा कळवली होती. विमानात चढली तर दाराशी रेश्मा तांबोळी उभ्या.

“तुम्ही परत आलात?” नीलिमानं विचारलं.

“माफीनाम्यावर सही केली, काकू. ज्यांनी केली त्यांनाच घेतलं.” रेश्मांनी नजर खाली वळवली. “वाटलं, दोघीच तर दोघी. अगदी कुणीच नसण्यापेक्षा बरं.”

“त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले.”

“सगळेच बोलत होते. तुम्हाला निदान जायचं कारण होतं.”

विमान वर गेलं. थोड्याच वेळात बोलणी मध्येच तुटली, माना कलल्या. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, पण खिडक्या आपोआप काळवंडल्या. रांगांमागून रांगा झोपलेली माणसं, आणि सगळ्यांचे श्वास जवळजवळ एकाच लयीत. नीलिमाला आपल्या जागेवर बसवेना. ती उठून चालू लागली. एकेका चेहऱ्यापाशी थांबायची, पुढे जायची. सगळे चेहरे नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखे होते. त्यांवरून काही वाचता येत नव्हतं.

खिडकीजवळ तिशीची एक बाई होती. तिची बोटं पांघरुणाचा काठ घट्ट आवळत होती. नीलिमा थांबली. त्या बाईच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. नीलिमा पाहत असतानाच बोटं सैल पडली आणि श्वास पुन्हा इतरांसारखा चालू लागला.

नीलिमा रेश्मांना घेऊन आली. “हिला काहीतरी होतंय.”

रेश्मांनी वाकून पाहिलं. नाडीला हात लावला. “आता तर ठीक लागतेय.”

“आता. मघाशी नव्हती.”

रेश्मांनी कानातल्या यंत्रातून केंद्राला विचारलं. उत्तर लगेच आलं, ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: “प्रवासी शांत आहे. हस्तक्षेप नको.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला कळत नाही, काकू. खरंच कळत नाही. स्वप्न असेल. कशाचा तरी धसका असेल. आणि अशी मध्येच उठवली तर डोकं भणभणतं, माणसं घाबरतात, तक्रार होते. दुसऱ्या तक्रारीला मला घरी बसवतील.”

“मग मी उठवते. कळ दाखवा.”

रेश्मांनी दोन्हीकडे पाहिलं. सगळं विमान झोपलेलं होतं, पाहणारं कुणी नव्हतं. त्यांनी वाकून आसनाखाली हात घातला आणि कळ स्वतःच ओढली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग त्या बाईच्या पापण्या थरथरल्या. एक खोल, फाटका श्वास घेऊन ती उठून बसली. पाण्यातून वर आल्यासारखी ती धापा टाकत होती.

“पोरी, काय होतंय तुला? छातीत दुखतंय? कुठला आजार आहे का?” नीलिमानं विचारलं.

तिनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. ते का वाहतंय, हे तिलाही ठाऊक नसावं, कारण गाल चाचपून ती ओल्या बोटांकडे पाहत राहिली. रेश्मा पाणी आणायला धावल्या.

मग त्या बाईनं आजूबाजूला पाहिलं. निजलेल्या रांगा, काळ्या खिडक्या, समोर उभी असलेली अनोळखी म्हातारी. तिनं नीलिमाचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. आणि रागावल्यासारखं, पण हात न सोडता, तिनं विचारलं:

“किती शांत वाटत होतं मला. का उठवलंत?”