स्टिक खाली, बॉल उजवीकडे

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आत्ताच दुसरी पोस्ट उघडावी... आमची काही हरकत नाही.

अमावास्येची रात्र, रडणारी कुत्री, पांढरी साडी, असला माल इथं मिळणार नाही. हे घडलं मे महिन्यात, भर दुपारी, टळटळीत उन्हात. साल २०१०. जबलपूरच्या गोरखपूर भागात, बाजारामागच्या गल्लीत, आमच्या मावसभावाच्या घरी.

मावसभावाचं नाव दिवाकर रामटेके. अख्ख्या जगाला नाक मुरडणारा माणूस. डॉक्टर अडाणी, अंपायर आंधळे, शेजारी बिनडोक. भुताखेताचा विषय निघाला की हा तोंड वाकडं करून म्हणायचा, "आपण बुद्धाचे लोक. आपल्यात असलं काही नसते." आणि पुन्हा पानातली मिरची बाजूला काढायच्या कामाला लागायचा.

त्याला अभिमान होता तो फक्त स्वतःच्या उजव्या हाताचा. बाउंड्रीवरून थ्रो केला की बॉल एकही टप्पा न घेता थेट कीपरच्या ग्लव्हजमध्ये. सरकारी खात्यात नोकरीला होता आणि त्या डिसेंबरात खात्याच्या टीमची निवड होती. दिवाकरला त्या टीममध्ये जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

आणि नेमका मार्चमध्ये त्याचा उजवा खांदा निखळला. कॅच घ्यायला उडी मारली आणि खांद्यावरच पडला.

हात गळ्यात आला. डॉक्टर म्हणाले, "बोटं आणि अंगठा चालू ठेवा. हात आखडला तर क्रिकेट विसरा."

त्या घरात आणखी एक वस्तू होती, ती आधीच सांगून टाकतो. बैठकीतल्या खुंटीला एक मिट टांगलेला असायचा. मिट म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये बॉल पकडायला घालतात तो चामड्याचा मोठा पंजा. तो दिवाकरच्या धाकट्या बहिणीचा, मनीषाचा. ती राज्याच्या टीमकडून फर्स्ट बेसवर खेळायची. बॅटर बॉल मारून आधी फर्स्ट बेसकडे पळतो. त्याच्या आधी बॉल तिथं पोचला, की तो आउट. तो बॉल पकडणारी ही मनीषा.

आदल्या पावसाळ्यात तिला ताप आला. तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली.

दिवाकर तिच्या खेळाला 'मोठ्या पोरींची लगोरी' म्हणायचा. ती गल्लीत मिट घालून उभी राहायची. "दादा, एक तर इकडं फेक ना!" हा मुद्दाम विजेच्या खांबावर फेकायचा. लगोरीवाल्यांना थ्रो देत नाही म्हणायचा.

ती गेल्यावर आई, म्हणजे आमची भानुमती मावशी, त्या मिटला दर आठवड्याला खोबरेल चोळत बसायची. जबलपूरच्या उन्हात चामडं तडकतं.

"आई, त्या चामड्याले काहून तेल पाजून राहिली? कोण घालणार हाय ते?"

"तडकलं तर हाताले लागन तिच्या," मावशी म्हणाली.

दिवाकर हसला होता तेव्हा. हो, हसला होता.

तर... मे महिन्यात त्याचा मित्र नथ्थू व्हिडिओ गेमचा एक डबा घेऊन आला. नथ्थूचं पैसे देऊन गेम खेळायचं दुकान होतं, ते नुकतंच बंद पडलं होतं. डब्यात एक डिस्क अडकलेली. झाकणच उघडत नव्हतं.

"बस यही एक गेम चलेगा भैया. बेसबॉल. अंगूठे की कसरत हो जाएगी."

रिमोटवर दोन्ही अंगठ्यांखाली एकेक छोटी स्टिक, वर रबरी टोपी. उजवी स्टिक बॉल फेकायची. पडद्यावर मैदान दिसतं, सॉफ्टबॉलसारखंच. खाली बॅटरची जागा, उजवीकडे फर्स्ट बेस, वर सेकंड, डावीकडे थर्ड. जिकडं फेकायचं तिकडं स्टिक ढकलायची. दाबून धरलं की जोर वाढतो, तशी एक हिरवी पट्टी भरत जाते. जास्त धरलं की पट्टी लाल, आणि बॉल भलतीकडे.

दिवाकरला हसू आवरेना. "अंगठ्यानं थ्रो? अबे, अंगठा तर निरक्षर माणूसही लावते! याले खेळ म्हणते का कोणी?"

पण घरात बसून करणार काय? खेळायला लागला.

आणि दर वेळी स्टिक खाली.

क्रिकेटवाल्याला दुसरं सुचतच नाही. बॉल हातात आला की कीपर. इथं कीपरकडे फेकून उपयोग नाही, पळणारा तिकडे आरामात फर्स्ट बेसवर पोचतोय, हे याच्या डोक्यात शिरेना. शिवाय स्टिक इतकी दाबायचा की पट्टी लाल. रोज हरायचा आणि रोज गेमला शिव्या घालायचा. चूक त्याची कशी असेल?

मग एक दुपार आली...

मावशी आत झोपलेली. बॅटरनं बॉल मारला. दिवाकरनं स्टिक खाली ओढली.

बॉल उजवीकडे गेला.

थप्प!

चामड्यात बॉल बसल्याचा आवाज. पळणारा आउट.

"स्टिक ढिली झाली वाटते," दिवाकर पुटपुटला. पुन्हा खाली ओढली.

पुन्हा उजवीकडे... थप्प.

पट्टी प्रत्येक वेळी हिरवी. एकदाही लाल नाही. त्या दुपारी दिवाकर पहिल्यांदा जिंकला, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

त्यानं नथ्थूला बोलावून झापलं. "काय भंगार आणून दिलं बे?" नथ्थूनं रिमोट हातात घेतला. खाली, वर, डावी, उजवी. बॉल सांगाल तिकडं गेला.

"स्टिक तो एकदम ठीक है भैया."

रिमोट दिवाकरच्या हातात आला. स्टिक खाली. बॉल... उजवीकडे.

नथ्थूचा चेहरा उतरला. तो खुंटीकडे बघायला लागला.

"भैया, ये डिस्क मैंने मनीषा दीदी के लिए मँगाई थी. दुकान में और कोई खेलता ही नहीं था. दीदी हँसती थीं... कहती थीं, मेरे भाई को बैठा दो तो बस नीचे ही फेंकेगा."

दिवाकर उगाच स्टिक हलवत राहिला.

"ग्वारीघाट पे एक नारियल चढ़ा आओ भैया. नर्मदा मैया..."

"नारळ चढवून स्टिक दुरुस्त होते का बे?" दिवाकर खेकसला. "जाय, घरी जाय."

नथ्थू चहा न पिता गेला. नथ्थू आणि चहा सोडून जाणार? हे आम्हाला आजही भुतापेक्षा नवल वाटतं.

दुसऱ्या दुपारी दिवाकर हट्टानं खेळायला बसला. मावशी बाजारात गेली होती. घरात तो एकटा.

खेळ सुरू झाला आणि वीज गेली.

पंखा थांबला. टीव्ही काळा. गल्लीत चिटपाखरू नाही. गळ्यातल्या हातात रिमोट तसाच, अंगठा स्टिकवर.

आणि मग...

थप्प.

टीव्हीतून नाही. टीव्ही बंद होता.

आवाज मागच्या भिंतीकडून आला होता.

दिवाकरनं हळूहळू मान वळवली. मिट खुंटीवरच होता. पण रोज उघडा लोंबणारा तो पंजा आता मिटलेला होता. बॉल पकडल्यावर मिटतो तसा.

तेवढ्यात त्याच्या अंगठ्याखाली काहीतरी हललं...

स्टिक. आपोआप. उजवीकडे.

तो स्टिक खाली ओढायला बघत होता. जमेना. त्याच्या अंगठ्यावर दुसरा अंगठा होता. लहान, घट्ट, शांत. लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवताना धरतात तसा.

उजवीकडे... थोडं धरून... सोड.

थप्प.

पुन्हा... सोड.

थप्प.

मग ते थांबलं. दिवाकरनं अंगठा वर केला. अंगठा चिकट झाला होता. नाकाशी नेला, तर खोबरेल.

मावशी आल्या आल्या तो तिच्यावर ओरडला. "तू रिमोटले तेल लावलं का?"

"मी काहून लावू? तेल तर सरलं. मिटाले लावाचं राहून गेलं या वेळी." तिनं रिकामी बाटली उलटी करून दाखवली.

दुसरा कोणी असता तर हात जोडले असते, रडला असता. पण हा दिवाकर! भीती वाटली की याची जीभ अजून सैल सुटते. तो त्या खुंटीसमोर उभा राहिला आणि दात विचकून म्हणाला, "मेल्यावरही लगोरीच खेळून राहिली का वं? जमत असन तर खऱ्या मैदानात ये. तिथं पकडून दाखव माझा थ्रो!"

मावशीच्या हातातली पिशवी खाली पडली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे बघत ती तशीच बसून राहिली.

खुंटीवरचा पंजा हळूहळू उघडला.

त्या दिवसानंतर आवाज बंद. स्टिक खाली ओढली की बॉल खाली. दिवाकरला वाटलं, जिंकलो. डबा नथ्थूकडे परत गेला. अंगठ्याच्या कसरतीनं म्हणा किंवा कशानं, हात झपाट्यानं सुटला. डॉक्टर थक्क झाले. दिवाकर म्हणाला, "डॉक्टरले काय कळते?"

डिसेंबर आला. निवडीची सकाळ. दिवाकर समोरच्या बाउंड्रीवर उभा. खात्याचे साहेब खुर्च्या टाकून बघत होते.

बॅट्समननं उंच फटका मारला. दिवाकर धावला, बॉल उचलला. कीपर हात वर करून ओरडत होता, "इधर! इधर!" बॅट्समन अजून अर्ध्या पिचवर. रनआउट समोर वाढून ठेवलेला.

दिवाकरनं सगळा जोर लावला.

आणि हात फिरला...

बॉल सुटला तो कीपरच्या उजव्या हाताच्या मोकळ्या गवताकडे, फर्स्ट बेस असतो त्या बाजूला. तिथं कुणीच उभं नव्हतं. लाल बॉल सरळ रेषेत सणसणत गेला... आणि छातीच्या उंचीवर हवेत थांबला.

थप्प!

सगळ्यांनी ऐकलं. मग बॉल खाली गवतात पडला. घरंगळलासुद्धा नाही.

मग खुर्चीतून एक साहेब हसले. "किसको फेंका, भाई?"

त्याला आणखी थ्रो करायला लावले. सगळे तिकडेच. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. कीपर तर मागे सरकत सरकत पार बाजूला जाऊन उभा राहिला. टीममध्ये दिवाकरचं नाव आलं नाही. हात बरा झाला होता, पण तो आता त्याचं ऐकत नव्हता.

तो घरी आला. कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. वाटेत फोन केला नव्हता.

मावशी जमिनीवर बसली होती. मांडीवर मिट, शेजारी तेलाची नवी बाटली. ती पंज्याचा मधला भाग चोळत होती... पुन्हा पुन्हा तोच भाग.

दिवाकरनं वाकून बघितलं.

तिथं एक गोल लाल डाग होता. सॉफ्टबॉलचा बॉल लाल नसतो. त्या घरात लाल बॉल फक्त दिवाकरचा, आणि तो अजून त्याच्या किटबॅगेत होता.

मावशीनं मान वर केली नाही. चोळता चोळता हळूच म्हणाली,

"इतक्या जोरानं काहून फेकला बाबू? लागलं ना तिले."

दिवाकर तिथंच भिंतीला टेकून बसला आणि ढसाढसा रडला. मनीषा गेली तेव्हाही रडला नव्हता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाकरनं क्रिकेट सोडलं. नाक मुरडणंही सोडलं, तो आता इतका गोड बोलतो की आम्हालाच चुकल्यासारखं होतं. त्या दिवसापासून बॉलला हात लावला नाही, असं तो शपथेवर सांगतो.

परवा आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. मिट त्याच खुंटीला आहे. मावशीनं आम्हाला बघायला हातात दिला. चामडं मऊ, ताज्या तेलाचा वास.

डाग आता एक नाही. मोजायचा धीर झाला नाही... पण नवे सगळे फिके आहेत.

हळू फेकल्यासारखे.