पारूबाईंचा प्रतिदेह

सायंतारा शुश्रूषागृहाच्या संगणन कक्षात पारूबाई निकाळजे यांचा प्रतिदेह पडद्यावर निजला होता. खऱ्या पारूबाई शेजारच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. एके काळी सांगलीच्या मैदानावर कबड्डीच्या पंच म्हणून त्यांचा असा दरारा होता, की दांडगे खेळाडूही त्यांच्याशी हुज्जत घालत नसत. आता स्वतःचं नाव आठवायलाही त्यांना वेळ लागे.

डॉ. उल्का टिपणीसने प्रतिदेहातून एक औषध वजा केलं.

"हे त्यांच्या शरीराचं गणिती रूप," ती गृहाचे संचालक डॉ. देवस्थळींना म्हणाली. "एखादं औषध काढायचं आणि पुढचं वर्ष इथं चालवून पाहायचं. बघा, रक्तदाबाच्या गोळीनं पाय सुजले. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी दिली. मग लघवी आवरेना, म्हणून तिसरी. तिनं स्मृती मंदावली, तर आपण स्मृतीसाठी चौथी दिली! नवा आजार एकही नव्हता."

"आणि रक्तदाब?"

"त्याला वेगळी एकच गोळी पुरते. बाकीच्या हळूहळू बंद."

देवस्थळींनी आवाज खाली आणला. "विमा मंडळ आपल्याला पेशंटच्या दुर्बलतेच्या श्रेणीवर पैसे देतं. पेशंट सुधारला की श्रेणी घसरली, पैसेही घसरले. माझ्या परवानगीशिवाय एकही गोळी थांबणार नाही."

"परवानगी पारूबाईंची लागते, सर."

सकाळच्या गोळ्यांआधी पारूबाईंना थोडी जाग असे. उल्काने तेव्हाच त्यांना सगळं समजावलं.

"बंद कर," पारूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या साहेबाला सांग, मी सांगितलंय म्हणून."

गोळ्या एकेक करून सुटल्या. पायांची सूज ओसरली. एके दिवशी पारूबाई खुर्ची ढकलून उभ्या राहिल्या आणि त्यांनी टीव्हीवरच्या पंचाला चार शब्द सुनावले. ते पाहून बाकीचेही आपापले प्रतिदेह तपासायला सांगू लागले. मंडळाची औषधांवरची बचत तशी किरकोळच होती, खरी बचत पुढं दिसली. पडून हाडं मोडणं थांबलं, अतिदक्षता विभागाच्या वाऱ्या थांबल्या.

गृहाचं उत्पन्न मात्र कोसळलं. देवस्थळी तणतणत कक्षात आले. "वजा करायची एवढीच हौस असेल, तर हे गृहच वजा करून टाका!"

उल्काचा हात थबकला. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिने पारूबाईंच्या प्रतिदेहातून खरंच गृह वजा केलं.

इथं पारूबाईंना भरवलं जाई, आंघोळ घातली जाई, जिना चढू दिला जात नसे. तिथं, पडद्यावर, त्यांचे स्नायू महिन्यागणिक भरत गेले. मग एकेक करत इतरांचे प्रतिदेह. निम्म्याहून अधिक जण असेच निघाले. दुर्बलता गोळ्यांची होती, ती गोळ्यांबरोबर गेली होती. आता न लागणारं एकच औषध उरलं होतं : सायंतारा.

"हे मंडळाला कळलं तर गृह बंद पडेल. तुमचीही नोकरी जाईल," देवस्थळी पुटपुटले.

"ठाऊक आहे," उल्का म्हणाली आणि तिने निष्कर्ष मंडळाकडे पाठवून दिला. मग ती उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि तिने पडद्यावर काय दिसलं ते पारूबाईंना सांगितलं.

पारूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"मग उभी काय राहिलीस? माझ्या चपला कुठं ठेवल्यात तुम्ही लोकांनी?"