ईरण्णाची बरणी

वीज गेली म्हणून आम्ही जळकोटच्या घराच्या माळवदावर बसलो होतो. शंभुलिंगकाका म्हणाले, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. मी शेजारी बसलेल्या माझ्या भावाला, रुद्रेशला, कोपर मारलं. काकांच्या सगळ्याच गोष्टी त्यांच्या डोळ्यांदेखत घडतात.

धाराशिवला विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत ओल्या मातीतून वीज काढायचा प्रयोग चालला होता. मातीत जिवाणू असतात, त्यांच्यापासून वीज मिळते, असं मी मध्येच सांगायला लागले.

"तू लई शिकलीस," काका म्हणाले. "आता जरा ऐक."

तिथल्या लोकांनी गावच्या शेतकऱ्यांकडून आपापल्या रानातली बरणीभर माती मागवली होती. थोड्या दिवसांनी या, तुमच्याच मातीवर दिवा लागलेला दाखवतो, असं सांगितलं होतं. काकांचा दोस्त ईरण्णाही माती आणायला गेला. उन्हानं रानाचा फुफाटा झालेला. ओल होती ती फक्त बांधावरच्या लिंबाखाली, पाइप गळत होता तिथं. त्यानं तिथं खोरं घातलं आणि बरणी भरून दिली.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात, बहुतेक आपल्याच रानात. ईरण्णाची अव्वा, म्हणजे आई, त्या लिंबाखालीच होती. समाधी बांधू बांधू म्हणता राहून गेली. पुढं ट्रॅक्टरनं उंचवटाही सपाट झाला. नेमकी जागा लेकाच्या ध्यानात राहिली नाही.

अव्वा गेली त्या रात्रीही अशीच वीज नव्हती. ती अंधाराला फार भ्यायची. "ईरण्णा, दिवा लाव रे," म्हणाली. येईल की आता वीज, असं म्हणून तो कुशीवर वळला. पहाटे उठला तेव्हा ती गार पडली होती. हे त्यानं आयुष्यात एकट्या काकांना सांगितलं होतं.

गेल्या वर्षी चैत्रातल्या अमावास्येला सगळे बघायला गेले. शिवगंगा नावाची संशोधक मुलगी बरण्या दाखवत होती. प्रत्येक बरणीतून दोन तारा निघालेल्या, त्यांना शेंगदाण्याएवढा बल्ब. ईरण्णाचा बल्ब सगळ्यात उजळ. आता ईरण्णा गावाला वीज विकणार, म्हणून लोकांनी थट्टा केली. तो हसला नाही. काचेतून काळ्या मातीत एक पांढरा थर दिसत होता.

विभूती. अव्वाला माती देताना त्यानंच मुठी भरभरून टाकलेली.

अव्वाच्याच जागेत खोरं घातलं होतं त्यानं. कोणत्या तोंडानं बोलणार?

मुक्काम तिथल्याच वसतिगृहात होता. मध्यरात्री वीज गेली. काकांना जाग आली. ईरण्णा खिडकीत उभा. समोर प्रयोगशाळा. सगळा अंधार. एकाच खिडकीत उजेड...

"शंभू," तो म्हणाला, "अव्वा जागी हाय."

वॉचमनला उठवून दार उघडायला लावलं. आत सगळ्या बरण्या विझलेल्या. एक सोडून. ईरण्णा तिच्यापुढं उभा राहिला. मग तारा उपसल्या. बरणी पोटाशी धरली. बल्ब टेबलावर पडला, विझला. वॉचमननं अडवलं नाही. म्हातारा माणूस असा रडताना...

दुसऱ्या दिवशी त्यानं माती जागच्या जागी नेऊन घातली. वर दगड रचले, पणती लावली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला लावतो.

"मग यात भूत कुठं आलं?" मी विचारलं.

या वेळी रुद्रेशनं मला कोपर मारलं.

परवा ईरण्णाला सोलापूरला दवाखान्यात नेलं, काका म्हणाले. घरचे सगळे तिकडंच. लिंबाखाली पणती लावायला कुणी गेलं नाही. अंधार पडला आणि त्याचा फोन वाजला. काका उशाशी बसले होते, त्यांनी फोन त्याच्या कानाशी धरला. शिवगंगा होती. हळू बोलत होती.

"काका, तुमच्या बरणीचा बल्ब... माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याला काहीच जोडलेलं नाही, तरी लागलाय..."

ईरण्णानं डोळे मिटले.

"असू दे पोरी," तो म्हणाला. "रातभर असू दे."